दहाचं कूपन सातला

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाने वर्षातून एकदा तरी समाजाच्या कार्यक्रमात तोंड दाखवायचं असतं. नाही दाखवलं तर लगेच काही बिघडत नाही. पण पुढे कधी पोरीसाठी स्थळ बघायची वेळ आली की कोणीतरी म्हणतं, "ते होय? ते कुठे समाजात येतात!" आणि हे वाक्य भुसावळ पॅसेंजरच्या आधी अमळनेरला पोचलेलं असतं. माझी मुलगी अजून चौथीत आहे. तरी मी आत्तापासून हजेरी लावतो.

लिंबायत, उधना, डिंडोली, नवागाम, गोडादरा या पट्ट्यात कुठेही उभं राहून "ओ पाटील" अशी हाक मारा, निम्मा रस्ता वळून बघेल. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं तापीच्या काठाकाठाने, म्हणजे खरं तर ताप्ती लाइनच्या गाडीने, इकडे आली; लूमवर, मिलमध्ये, कापड मार्केटात लागली आणि राहिली. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. आमची माणसं समुद्रापर्यंत गेली नाहीत. डिंडोलीत हप्त्यावर फ्लॅट मिळत होते, तिथेच थांबली.

तर संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर लिहिलं होतं: 'विद्यार्थी गुणगौरव, वधू-वर परिचय, हळदीकुंकू, रक्तदान, वेशभूषा स्पर्धा व भव्य आनंदमेळा.' मैदानाचं भाडं दिवसाचं, मंडपवाला दिवसाचा, माइकवाला दिवसाचा. मग एका दिवसात समाजाचं जेवढं भलं करता येईल तेवढं उरकून घ्यायचं, असं कमिटीचं धोरण आहे आणि त्यात चूक काही नाही. एखाद्या मुलाने सकाळी रक्तदान केलं, तर दुपारच्या परिचयात हिमोग्लोबिनचा आकडाही सांगता येतो.

बायकोने मांड्यांचा स्टॉल घेतला होता, त्यामुळे दिवसभर मुलगी माझ्या ताब्यात. आमच्याकडे मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. मातीचं खापर चुलीवर उपडं घालायचं आणि पुरण भरलेली पोळी पोळपाटावर न लाटता दोन्ही हातांवर झेलत मोठी करत न्यायची. बघता बघता ती मनगटावरून कोपरापर्यंत उतरते, आणि मग एका झटक्यात खापरावर पडते. हे काम चालू असताना बाईशी बोलायचं नसतं. मी बोललो. तिने पोळीवरची नजर न काढता सूचना दिल्या, "हिला खोकला आहे. थंड कोको पाजू नका. बर्फाचा गोळा नाही. आणि गप्पा मारत बसू नका, पोरीकडे लक्ष ठेवा." यातल्या पहिल्या दोन सूचना मी पाळल्या.

मेळ्यात पैसे चालत नव्हते, कुपनं चालत होती. दहा-दहाच्या दहा कुपनांचं शंभराचं पुस्तक. सुटं कूपन मिळणार नाही. रहाटपाळणा एक कूपन, मिकी माऊसची घसरगुंडी दोन, सुरती लोचोची प्लेट तीन, कोको चार, मांडा पाच, भरीत-भाकरी सहा. संध्याकाळी स्टॉलवाल्यांनी जमलेली कुपनं खजिनदारांकडे द्यायची आणि मंडळाचे दहा टक्के कापून रोख घ्यायची. कुपनं विकायच्या खिडकीवर पाटी होती. मुलगी इंग्रजी माध्यमातली, तिने एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचली: "उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळणार नाहीत."

"का?"

"नियम असतो तसा."

"मग उरलेलं कूपन कोणाचं?"

मी दोन पुस्तकं घेऊन तिच्या हातात दिली. तेवढ्यात ओळखीचे भेटले, म्हणून तो प्रश्न तिथेच राहिला.

खानदेशी मेळाव्यात चालणं हा प्रकार नसतो. चार पावलं टाकली की कोणीतरी हात धरतो आणि विचारतो, "कोणता गावना शेतस भाऊ?" तुम्ही गाव सांगता. मग तो त्या गावातला एक माणूस सांगतो. तो तुमच्या माहितीचा नसतो. मग तो त्या माणसाची सासुरवाडी सांगतो. ती तुमच्या मावशीच्या गावाजवळ निघते. इथे दोघांचेही चेहरे उजळतात, आणि नातं लागलंच म्हणून चहा. एका मामांनी आमच्या कन्येलाही विचारलं, "बाई, गाव कोणतं तुझं?"

"डिंडोली."

"ते आत्ताचं. मूळ?"

"मूळ पण डिंडोली. तीनशे दोन नंबर."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाळण्याकडे पाहिलं.

पाळण्याचं म्हणाल तर माझ्या लहानपणीची अमळनेरची जत्रा हा घरात माझ्या अधिकाराचा विषय आहे. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तीही बोरी नदीच्या पात्रात. नदीत पाणी नसतं, म्हणून जत्रा भरते. वाळूत दुकानं, वाळूत पाळणे, भज्यांमध्येही वाळू. हे मी मुलीला दरवर्षी सांगतो. या वर्षी तिने विचारलं, "आणि पाणी आलं तर?" मी म्हटलं, वैशाखात कुठलं पाणी येतं? ती म्हणाली, "इथे तर ऑगस्टमध्ये येतं. टीचरने सांगितलं." सुरतेतल्या पोरांना नदी म्हटलं की २००६ चा पूर आठवतो, जो त्यांनी पाहिलेलाही नाही. नदीच्या पोटात बसून शेव-मुरमुरे खाण्यातला आनंद अशा पोरांना कसा समजावणार?

मिकी माऊसची घसरगुंडी तिने एकदाच केली. पंखा लावून हवा भरलेला तो भला थोरला मिकी, आणि आमच्या मुलीचा नंबर येतो न येतो तोच लाइट गेली. मिकीने आधी मान टाकली, मग एक कान, मग सावकाश पोट. आतल्या पोरांना आया ओळखीच्या चपलांवरून शोधून बाहेर ओढत होत्या. जनरेटर सुरू झाल्यावर तो परत ताठ झाला आणि त्याच निर्लज्ज हसऱ्या तोंडाने उभा राहिला. मुलगी म्हणाली, "दोन कूपन वाया." हे तिने ज्या सुरात म्हटलं तो सूर मी रिंग रोडच्या मार्केटात, जिथे मी हिशेब लिहितो तिथे, पार्टीने माल परत पाठवल्यावर शेठच्या तोंडी ऐकतो.

मग रहाटपाळणा. चार खोक्यांचा, हाताने फिरवायचा. फिरवणारा शिरपूरकडचा निघाला. मी काही विचारलं नव्हतं, त्यानेच विचारलं. माझी एक आत्या शिरपूरला दिलेली आहे, तेव्हा पाळणा थांबला. आम्ही आत्याच्या दिराच्या केळीच्या बागेपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की आमची कन्या सगळ्यात वरच्या खोक्यात अधांतरी आहे. रडत वगैरे नव्हती. कठड्यावर हनुवटी टेकवून एकदा खिडकीकडे आणि एकदा फाटकाकडे बघत होती. मला वाटलं, तारांना अडकलेले संक्रांतीचे पतंग मोजते आहे.

खाली उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, वरून सगळं दिसतं. खिडकीपाशी खूप मोठी लाइन आहे. आणि फाटकातून लोक घरी चाललेत, त्यांच्या हातात कुपनं आहेत."

"असतील."

"काही जण फेकून पण देतात."

मी 'हं' म्हटलं. वेशभूषा स्पर्धा सुरू होत होती आणि पुढच्या खुर्च्या भरत होत्या.

मराठी मंडळाच्या वेशभूषा स्पर्धेत जे व्हायचं तेच झालं. एक झाशीची राणी, दोन सावित्रीबाई, एक चांद्रयान आणि बाकी सगळे शिवाजी महाराज. सुरतेत ही वेळ जरा नाजूक असते. पहिल्या रांगेत मंडपाचे पैसे दिलेले गुजराती शेठ बसलेले, आणि मंचावर सहा वर्षांचे महाराज तलवार उपसून उभे. आमचे निवेदक मात्र मुरलेले आहेत. ते म्हणाले, "महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आपल्या सुरत शहराला पहिली भेट दिली." टाळ्या. "आणि १६७० मध्ये दुसरी." पुन्हा टाळ्या, शेठनीही वाजवल्या. पहिल्या भेटीच्या वेळी मोगलांचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दार लावून बसला होता, हे निवेदकांनी सांगितलं नाही. तो किल्ला अजून चौक बाजारात तापीच्या काठी उभा आहे, महापालिकेने नीटनेटका केला आहे, तिकीट काढून आत जाता येतं. इनायतखानाचा वेश करून आजवर एकही मुलगा आलेला नाही. खरं तर त्याला काही पाठांतर लागत नाही, नुसतं आत बसून राहायचं.

स्पर्धा संपल्यावर उत्तेजनार्थसुद्धा न मिळालेले एक महाराज दाढी काढून कोको पीत उभे होते. आमची कन्या त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, पोरीला मैत्र मिळालं, आता आपण भरीत खाऊ.

भरिताबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. जानेवारीतलं जळगावकडचं वांगं, फिकट हिरवं, हातभर लांब, आणि ते भाजायचं ते पऱ्हाटीवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. आता या शहरात कापड रोज डोंगराएवढं निघतं, पण ते जवळजवळ सगळं पॉलिस्टर. अख्ख्या सुरतेत पऱ्हाटीची मोळी कुठे मिळणार? तर मंडळाचे सहचिटणीस वांग्यांच्या गोण्या आणि त्यांवर काड्यांच्या मोळ्या घेऊन रात्रीच्या गाडीने आले होते. डब्यातल्या लोकांनी जागा दिली म्हणे, एकाने तर मोळी मांडीवर घेतली. धूर निघाला तसे मैदानभरातले चाळिशीपुढचे पुरुष गप्पा तोडून त्या दिशेला निघाले. चाळिशीच्या आतले सगळे लोचोच्या आणि मंचुरियनच्या रांगेत होते.

हिरवी मिरची, शेंगदाणे, पातीचा कांदा, वर कच्चं तेल, बाजूला कळण्याची भाकरी. मी दुसरं ताट मागितलं तेव्हा कुपनं संपल्याचं कळलं. खिडकीवर तर रांग. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ म्हणाले, "रांगेत कशाला जाता? ती तिकडे पोरगी उभी आहे ना, ती सुटी देते. नऊला."

ती तिकडची पोरगी माझी होती.

एका हातात कुपनांचा गठ्ठा, बोटांत नोटा उभ्या घड्या घालून धरलेल्या. हे ती कुठे शिकली मला ठाऊक आहे. तिला घेऊन मी एकदा महिधरपुऱ्यात गेलो होतो. तिथल्या हिराबाजारात माणसं भर रस्त्यात स्कूटरला टेकून उभी असतात, खिशातून कागदाची पुडी काढतात, उलगडतात, भाव बोलतात आणि पुडी मिटतात. त्यांच्यासाठी खजोदला केवढी थोरली इमारत बांधली, डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं, पण कित्येक व्यापाऱ्यांचा पाय अजून त्या गल्लीतून निघत नाही. आमच्या कन्येने इमारतीची वाट न बघता रक्तदानाच्या फलकाखाली बाजार मांडला होता.

पद्धत सोपी होती. फाटकावर महाराज उभे. घरी निघालेल्या माणसाला विचारायचं, "काका, कूपन उरलं का?" उरलं असेल तर सात रुपये द्यायचे, या खेपेला अगदी रोख मोजून. फुकट जाणाऱ्या कागदाचे सात मिळतात म्हणून काका खूश. तोच माल फलकाखाली नऊला विकायचा. दहाचं कूपन नऊला, तेही सुटं आणि रांगेशिवाय, म्हणून घेणारा खूश. मधले दोन रुपये निम्मे-निम्मे. सुरुवातीचं भांडवल म्हणून माझ्याच पुस्तकातली कुपनं सुटी करून विकली होती.

"अगं, कोणी ओरडलं तर?"

"कोण ओरडेल? सगळ्यांना फायदा आहे." मग जरा थांबून, "तुम्हाला किती पाहिजेत?"

"सहा."

"चोपन्न."

मी बापाच्या नात्याने वटाव मागितला. ती म्हणाली, रोखीत एक रुपया सोडते. त्रेपन्न मोजून मी भरिताकडे परत आलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत वटाव लिहिला, स्वतःला पहिल्यांदा मिळाला.

दुपारी वधू-वर परिचय झाला. तो ऐकण्यासारखा असतो. मुलगा माइक हातात घेऊन नाव, गाव, मामांचं कूळ, शिक्षण, पगार आणि फ्लॅट किती बीएचके हे एका दमात सांगतो. 'अपेक्षा' या शब्दापाशी मात्र त्याचा आवाज बसतो. मुलींचं तसं नाही. एकीने ठणकावून सांगितलं, "मुलगा सुरतेतच नोकरीला हवा. सासू-सासरे गावी असल्यास प्राधान्य." समस्त सासवांमध्ये कुजबुज झाली आणि समस्त सुना हळदीकुंकवाच्या वाणाचे डबे उघडून बघू लागल्या. आमची कन्या धंद्यातून पाच मिनिटं काढून माझ्या शेजारी येऊन बसली होती. एका इंजिनिअर मुलाचं ऐकून म्हणाली, "पप्पा, याने कर्ज किती आहे ते सांगितलंच नाही." पुढच्या रांगेतले एक वधूपिता मागे वळले, त्यांनी तिच्याकडे आदराने पाहिलं आणि वहीत टिपून घेतलं.

पाचनंतर बाजार फिरला. माइकवरून पुकारा झाला, "स्टॉल सात वाजता बंद होतील, कृपया कुपने संपवावीत." हे वाक्य उच्चारताच फाटकावर कुपनांचा पूर आला. सातचा भाव पाच झाला, पाचाचा चार. महाराज हिशेबात कच्चे. ते समोर येईल तो माल उचलत राहिले. इकडे गिऱ्हाईक आटलं, कारण लोचो संपला होता, भरीत तर केव्हाच संपलं होतं, उरला होता फक्त मिकी माऊस. सहा वाजता आमच्या कन्येच्या फ्रॉकचे दोन्ही खिसे, माझी पिशवी आणि महाराजांचा जिरेटोप कुपनांनी भरलेला होता आणि हातात रोकड जवळजवळ शून्य. सुरतेच्या मार्केटात अशा वेळी मोठमोठी माणसं फोन बंद करून गावी निघून जातात.

तिने तोंड बारीक केलं. फार वेळ नाही. मग टोप उचलून सरळ आईच्या स्टॉलकडे चालू लागली. मी मागोमाग.

"मांडे चारलाच संपले," आई म्हणाली. ती खापर निवत ठेवून भांडी आवरत होती.

"मांडे नको. कुपनं घे. तुला खजिनदार काका नऊ देतील ना? मला आठ दे."

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी इथे लिहीत नाही. मग तिने टोपात हात घालून कुपनं वरखाली केली, पदराला हात पुसला आणि म्हणाली, "साडेसात."

"आई!"

"डब्यात मोजून मी टाकणार, रांगेत मी उभी राहणार. साडेसात."

सौदा साडेसातला ठरला. मी मध्ये एक शब्द बोललो नाही, दोन्ही पार्ट्या घरातल्याच होत्या.

साडेसातला समारोप. अध्यक्षांचा गळा भरून आला होता. ते म्हणाले, "मित्रहो, दरवर्षी पुष्कळ कुपनं लोकांकडे तशीच राहतात. या वर्षी एकूण एक कूपन स्टॉलवर जमा झालं आहे. समाज जागा झाला आहे!" टाळ्यांचा कडकडाट. त्यांच्या मागे बसलेल्या खजिनदारांनी मात्र टाळी वाजवली नाही. उरलेल्या कुपनांच्या पैशातूनच दरवर्षी मैदानाचं भाडं सुटायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सर्वाधिक विक्रीचं बक्षीस अर्थातच मांड्यांच्या स्टॉलला. बक्षीस पैठणी. ती याच शहरात, पॉलिस्टरमध्ये, मशीनवर विणलेली होती आणि रिंग रोडला तिचा होलसेल भाव काय चालतो ते मला तोंडपाठ होतं. बायको मंचावरून उतरताना इतकी छान दिसत होती की मी तो मनातल्या मनातही आठवला नाही.

खजिनदार वही घेऊन आमच्याकडे आले. "वहिनी, अभिनंदन. फक्त एक विचारायचं होतं. एवढ्या कुपनांचे दीडशे मांडे होतात. एका खापरावर?"

"हात चालतो माझा," बायको म्हणाली.

ते थोडा वेळ खापराकडे बघत राहिले. मग महाराजांकडे, ज्यांच्या टोपातून एक कूपन अजून बाहेर डोकावत होतं. मग आमच्या कन्येकडे, जी जमिनीवर मांडी घालून नोटा सरळ करत होती. खजिनदार स्वतः मार्केटातले, तीस वर्षं पेढीवर काढलेली. ते काही बोलले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी मी सकाळची कुपनं वेगळ्या रंगाची आणि दुपारची वेगळ्या रंगाची छापणार. सकाळचं कूपन बाराला बाद."

तिने क्षणभर विचार केला.

"छापा ना, काका. मग मी साडेअकराला घेईन."